अंधुक उजेडातले छोटे पक्षी: आयएसओ किती, त्याआधी अंतर किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, ७०-३०० मिमीची झूम लेन्स आणि बागेतल्या दाट झाडाखाली ये-जा करणारे शिंपी, शिंजीर, चष्मेवाले असे छोटे पक्षी. आभाळ भरलेलं असलं किंवा सकाळ-संध्याकाळची वेळ असली, की आयएसओ (मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो त्याचा आकडा) ८०० वर पक्षी हललेला येतो आणि ६४०० वर फोटोवर वाळू सांडल्यासारखी दिसते. तर आयएसओ जास्तीत जास्त किती ठेवावा, आणि एफ २.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका छोटा तितकं लेन्सचं छिद्र मोठं) घेतल्याशिवाय सुटका नाही का?

दोन्हींची उत्तरं देतो, पण आधी माझाच एक उलट प्रश्न: पक्षी तुमच्यापासून किती लांब होता? लोक मला दाखवतात त्या बहुतेक दाणेदार फोटोंत पक्षी लांब असतो, फोटो कापून कापून मोठा केलेला असतो आणि खापर मात्र आयएसओच्या माथी फुटतं.

आधी उजेडाचा हिशेब करू. लख्ख उन्हात एफ ५.६ आणि आयएसओ १०० ला शटर साधारण १/१००० सेकंद मिळतं. दाट ढगाळ दिवशी उघड्यावर ते तीन स्टॉप उतरून १/१२५ वर येतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). घनदाट पानांखाली गेलात की आणखी तीन स्टॉप जातात आणि हातात उरतं १/१५. म्हणजे उन्हाच्या मानाने ६४ पट कमी उजेड. डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण ते मुकाट्याने सरावतात. आपल्याला वाटतं, जरासं मळभ आहे इतकंच. आता त्या १/१५ चं १/५०० करायचं तर आयएसओ १०० वरून ३२०० वर न्यावाच लागणार. त्यात तुमची काही चूक नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. झाडाखालच्या पक्ष्याला ३२०० आणि ६४०० हे नेहमीचेच आकडे आहेत.

नॉइज, म्हणजे ती वाळू, हा बहुतांशी उजेडाचाच स्वभाव आहे, सेन्सरचा रोग नव्हे. उजेड कणाकणाने येतो आणि ते कण पावसाच्या थेंबांसारखे पडतात, इथे चार जास्त, तिथे दोन कमी. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडत असतील तर चढउतार १०० कणांचा असतो, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. ही १० टक्क्यांची खालीवर म्हणजेच ती वाळू. आयएसओ वाढवला म्हणून कण कमी झाले नाहीत. कण मुळात कमी होते म्हणून आयएसओ वाढवावा लागला. हे एकदा डोक्यात बसलं की आयएसओच्या आकड्याची धास्ती जाते आणि खरा प्रश्न समोर येतो: त्या इवल्याशा पक्ष्याच्या अंगावरून निघालेला एकूण उजेड किती गोळा झाला?

तुमच्याच लेन्सचं उदाहरण घेऊ. ३०० मिमी, ७ मीटरवर १२ सेंटिमीटरचा शिंपी. सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम ५ मिमी लांब पडते. क्रॉप सेन्सर साधारण २३ मिमी रुंद, म्हणजे पक्ष्याला चौकटीचा पाचवा हिस्सा मिळाला. बाकी सगळी पानं. मग तुम्ही पानं कापून टाकता आणि उरलेला तुकडा ताणता. त्याबरोबर वाळूचा दाणाही ताणला जातो. आता साडेतीन मीटरवर या. प्रतिमा १० मिमीच्या वर गेली. लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. शटर तेच, एफ तोच, आयएसओही तोच, तरी पक्ष्याच्या चित्रात कण चौपट आले. चौपट म्हणजे दोन स्टॉप. दोन्ही फोटोंत पक्षी सारख्या आकाराचा करून शेजारी ठेवलात, तर जवळून ६४०० ला काढलेला फोटो लांबून १६०० ला काढलेल्याच्या तोडीचा दिसेल.

एफ २.८ च्या लेन्सचं उत्तरही यातच आहे. लेन्सच्या मिमीला एफच्या आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. तुमची लेन्स ३०० भागिले ५.६, म्हणजे ५४ मिमी. २०० मिमी एफ २.८ ची लेन्स ७१ मिमी. गंमत म्हणजे ४०० मिमी एफ ५.६ सुद्धा ७१ मिमीच. एकाच जागी उभं राहून एकाच पक्ष्याकडून दोघी सारखाच उजेड गोळा करतात. २०० वाली तुम्हाला आयएसओ कमी दाखवून खूश करते, पण पक्षी निम्माच येतो. क्रॉप करून बरोबरीला आणला की नॉइजही बरोबरीला येतो. म्हणून छोट्या पक्ष्यांसाठी मी एफचा आकडा बघत नाही, व्यास बघतो. ६०० मिमी एफ ६.३ ही कागदावर 'अंधारी' लेन्स, पण तिचा व्यास ९५ मिमी. तुमच्या ५४ च्या मानाने तिगुणीहून थोडा जास्त उजेड, म्हणजे दीड स्टॉपच्या जरा वर. आता ताळा करा: ती धूड लेन्स देते दीड स्टॉप, अंतर निम्मं केलं की मिळतात दोन. लेन्स घेऊ नका असं म्हणत नाही, माझ्याकडेही लांब लेन्स आहे. पण आधी पावलं वापरून बघा.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून मिमी वाढवणाऱ्या कन्व्हर्टरबद्दल एका ओळीत: १.४ चा एक स्टॉप खातो, २ चा दोन, छिद्राचा व्यास मात्र तोच राहतो, म्हणजे नवा उजेड शून्य आणि ऑटोफोकस जास्त चाचपडतो. माझा दुपटीचा कन्व्हर्टर गेली कित्येक वर्षं पेटीत पडून आहे.

'जवळ या' म्हणणं सोपं, पक्षी थांबणार कसा? पक्ष्याच्या मागे जाल तर तो थांबणारच नाही. जवळ यायचं ते त्यानं, आपण नव्हे. बागेतला पक्षी सवयीचा गुलाम असतो. सकाळी कुठल्या फांदीवरून कुठल्या फुलावर जायचं, पाणी प्यायच्या आधी कुठे टेकायचं, आंघोळ झाली की कुठे बसून पिसं साफ करायची, याचे त्याचे रस्ते ठरलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा न घेता एकाच जागी बसा आणि त्या टेकायच्या जागा टिपून ठेवा. मग त्यातल्या एखादीपासून तीन-चार मीटरवर बैठक मारा. कमी उंचीचं स्टूल, पुढे जाळीचा पडदा किंवा जुनी चादर. लपण एवढंसंही पुरतं. खरं तर बागेतले पक्षी माणसाला फारसे भीत नाहीत, त्याच्या हालचालीला भितात. कॅमेरा मांडीवरून डोळ्याशी नेण्याच्या एका झटक्याने जितके पक्षी उडतात तितके शटरच्या आवाजाने उडत नाहीत. म्हणून लेन्स आधीच फांदीकडे रोखून, आधारावर टेकवून ठेवायची आणि बोटं तेवढी हलवायची.

खिडकीतून काढत असाल तर काचेची फार काळजी नको. साधी एकेरी काच साधारण ८ टक्के उजेड खाते, म्हणजे न मोजण्याइतका. त्रास होतो तो तिरक्या काचेतून बघितल्याचा आणि खोलीतल्या उजेडाच्या प्रतिबिंबाचा. दिवा बंद, काच पुसलेली, लेन्सचं तोंड काचेच्या अगदी जवळ आणि शक्य तितकं सरळ. एवढं केलं की खिडकीइतकं चांगलं लपण दुसरं नाही.

पाण्याचं उथळ भांडं ठेवलं तर काम आणखी सोपं होतं. पाणी दोन-तीन सेंटिमीटरच असावं, रोज बदलावं, आणि वरून थेंब थेंब पडत असेल तर पक्ष्यांना ते लांबूनही कळतं. झुडपाला अगदी खेटून ठेवू नका, मांजर दबा धरतं.

आता सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. अंधुक उजेड म्हणतो तेव्हा सगळी बाग सारखी अंधुक नसते. झाडाच्या बुंध्याजवळची फांदी आणि त्याच झाडाच्या घेराच्या कडेची फांदी यांत दोन स्टॉपचा फरक सहज असतो, आणि डोळ्यांना तो दिसत नाही. माझी रीत साधी आहे. स्टुलावर बसायच्या आधी मी पक्षी टेकतो त्या फांदीपाशी जातो, तळहात तिथे धरतो आणि कॅमेऱ्याने तळहाताचं शटर वाचतो. मग एक-दोन पावलं बाहेरच्या बाजूला सरकून पुन्हा वाचतो. एकदा बुंध्याजवळ १/३० होतं आणि तीन पावलांवर, जिथे पानांची छत्री संपून आभाळाचा तुकडा दिसत होता तिथे १/१६० भरलं. अडीच स्टॉपच्या आसपास, फुकटात. पक्षी आत बसत असेल तर त्याला बाहेर बोलवायचा मार्ग म्हणजे कडेला एक सुकी, बारीक, शेवाळलेली काटकी रोवायची, पाण्याच्या किंवा फुलाच्या वाटेवर. नाचरा, दयाळ, बुलबुल अशा आयत्या बैठकीवर एक-दोन दिवसांत येऊ लागतात. शिंपी हट्टी, तो झुडपाच्या आतूनच सरपटतो. त्याच्यासाठी आपणच झुडपाच्या उजळ बाजूला बसायचं.

काटकी कुठे रोवायची याचेही दोन नियम मी पाळतो. आभाळाचा उघडा तुकडा माझ्या पाठीमागे किंवा बाजूला हवा, पक्ष्याच्या मागे नको. तो मागे असला की पक्ष्याची काळी आकृती उरते आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका जातो. तो ठिपका नसला की फोटो पेंढा भरलेल्या पक्ष्याचा वाटतो. दुसरं, पक्ष्यामागची पानं निदान तीन मीटर लांब हवीत. अंधुक उजेडात लेन्सचं छिद्र लहान करायची चैन नसते, तेव्हा मागचं आपोआप विरघळतं हा या सगळ्यातला एकमेव फायदा. तो पानं चिकटून असली तर हातचा जातो. जवळपास फिक्या रंगाची भिंत असेल तर काटकी तिच्यासमोर रोवून बघा. ढगाळ दिवशी अशी भिंत सावलीतल्या बाजूला अर्धा-पाऊण स्टॉप सहज परतवते, आणि पानांतून गाळून आलेल्या उजेडाचा हिरवटपणाही कमी होतो.

शटरबद्दल. सुरुवातीची काही वर्षं 'छोटा पक्षी म्हणजे १/१६००' हा मंत्र मी डोळे मिटून जपला आणि पक्षी नुसता बसलेला असतानाही आयएसओ १२,८०० वर नेत राहिलो. मग एका भरून आलेल्या दिवशी चाकावर चुकून बोट फिरलं आणि शंभरेक फोटो १/१२५ ला निघाले. घरी बघितलं तर बरेच फोटो लगेच पुसायच्या लायकीचे, पण दहात दोन-तीन असे की पिसाचा धागा न् धागा मोजावा, आणि आयएसओ हजाराच्या आत. तेव्हापासून मी पक्ष्याचं डोकं बघायला शिकलो.

छोट्या पक्ष्याचं डोकं कधी सावकाश वळत नाही. ते झटक्यात वळतं आणि मग क्षणभर दगडासारखं थांबतं. पुन्हा झटका, पुन्हा थांबणं. झटक्याच्या वेळी १/५०० सुद्धा अपुरं पडतं आणि थांबल्यावर १/१०० पुरतं. म्हणजे मधला आकडा निवडून दोन्हीकडे अर्धवट राहण्यापेक्षा, थांबलेला क्षण पकडायचा आणि तिथे कमी शटर निर्धास्त वापरायचं. तो क्षण नेमका पकडण्याइतकी आपली बोटं चपळ नसतात, म्हणून बटण दाबून धरून पाच-सहा फोटोंचा छोटा बर्स्ट. लांबच लांब बर्स्ट लावू नका, घरी निवडताना रडाल.

कधी थांबतो हेही हळूहळू कळतं. फांदीवर टेकल्यानंतरचं पहिलं अर्धं सेकंद. पिसं विंचरताना दोन घासण्यांच्या मध्ये. आंघोळीनंतर अंग फुगवून बसल्यावर तर चष्मेवाला सुद्धा चक्क चार-पाच सेकंद जागचा हलत नाही, आणि एरवी चष्मेवाला म्हणजे पारा. गाणारा पक्षी फसवा असतो: जागा सोडत नाही, पण घसा आणि शेपटी सतत थरथरतात, त्यामुळे १/२५० च्या खाली डोळा तेवढा तीक्ष्ण येतो आणि चोच पुसट. काहींना ते आवडतं. मला नाही.

क्रम असा ठेवा: पक्षी टेकला की आधी १/५०० ला, आयएसओ जो येईल तो येऊ देत, चार फोटो पदरात पाडून घ्यायचे. तो बसून राहिला तर १/२५०, मग १/१२५, आणि फारच शांत असेल तर १/६०. आधी हमखास, मग जुगार. मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडी याला सोयीची, कारण एका चाकावर शटर फिरतं आणि बाकीचं कॅमेरा सांभाळतो. उडणारा पक्षी या उजेडात माझ्या हिशेबातच नाही; त्याला १/२००० च्या वर शटर लागतं, आणि ते झाडाखाली मागणं म्हणजे विहिरीत चांदणं शोधणं.

स्टॅबिलायझेशनने हात स्थिर होतो, पक्षी नाही. पण १/१२५ च्या खाली जाताना तोही हवा आणि आधारही हवा. तीन पायांचा स्टँड बागेत फार अडचणीचा वाटतो. मी एका पायाचा मोनोपॉड वापरतो, किंवा खिडकीत वाळूची थैली. इलेक्ट्रॉनिक शटर शांत असतं खरं, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत ते सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचतं, डोकं वळताना चोच वाकडी येते, आणि काही कॅमेऱ्यांत त्या मोडमध्ये फाइलची खोलीही (रंगछटा किती बारकाईने नोंदल्या जातात ती) कमी होते. यांत्रिक शटरचा टक आवाज पक्ष्यांना दोन दिवसांत सवयीचा होतो.

एक्स्पोजरमध्ये सगळ्यात महाग चूक म्हणजे आयएसओच्या भीतीने फोटो मुद्दाम काळा काढणं आणि नंतर संगणकावर उजळणं. आयएसओ ८०० ला दोन स्टॉप काळा काढून उजळलेला फोटो ३२०० ला नीट काढलेल्यापेक्षा चांगला येत नाही. उजेड तेवढाच गोळा झालेला असतो. उलट कित्येक कॅमेऱ्यांत सावल्यांमध्ये जांभळट डाग आणि पट्टे उमटतात. उलटी काळजी घ्या: पक्ष्यावरची पांढरी पिसं जळणार नाहीत इतपत उजळच काढा. मागे गडद पानं असली की कॅमेरा फसतो आणि फिक्या पोटाचा शिंपी पांढराफटक पडतो, तिथे पाऊण-एक स्टॉप खाली. मागे आभाळ असलं की उलट, दीड स्टॉपपर्यंत वर. दयाळचा नर काळाही आणि पांढराही, त्याच्या बाबतीत मी पांढऱ्या पट्ट्याकडे बघून ठरवतो आणि काळ्याला नंतर थोडं उचलतो. अर्थात हे सगळं रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, असेल तरच. या उजेडात जेपेग काढणं म्हणजे हातपाय बांधून पोहणं, आणि पानांचा हिरवट रंग पोटावरून काढायचा तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, नंतर मोकळेपणी फिरवता यायला हवा.

तर मग आयएसओची मर्यादा? ठोकळमानाने सांगायचं तर आजच्या क्रॉप सेन्सरला पक्षी चौकटीच्या एक तृतीयांशाहून मोठा असेल तर ६४०० खुशाल वापरा. पाचव्या हिस्स्याहून छोटा असेल तर १६०० लाही समाधान मिळणार नाही. फुल फ्रेमवाल्याला साधारण एक स्टॉपची सूट, पण तीही त्यानं चौकट भरली तरच. लांबचा पक्षी काढून दोघांनीही सारखाच तुकडा कापला तर ती सूट संपते.

फोकस हे वेगळंच दुखणं. उजेड आणि ठळकपणा दोन्ही कमी असले की लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येते आणि तेवढ्यात पक्षी पसार. याला माझे उपाय तीन. बसायच्या फांदीवर आधीच फोकस करून ठेवायचा, म्हणजे पक्षी आला की लेन्सला चार बोटंच सरकायचं असतं. लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारं बटण असेल तर ते लावायचं. आणि फोकसचा ठिपका सपाट रंगाच्या छातीवर न ठेवता जिथे गडद-फिकट रेघ आहे तिथे ठेवायचा: डोळ्याची कड, चोचीचं मूळ, चष्मेवाल्याचा तो पांढरा चष्मा. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून ओळखतात, पण पानांच्या जाळीत ते अनेकदा पुढच्या पानालाच डोळा समजतात; अशा वेळी मी ती सोय बंद करून छोट्या एका ठिपक्यावर येतो. आणि जवळ आलात याची एक किंमत आहे: ३०० मिमी, एफ ५.६, साडेतीन मीटर, क्रॉप सेन्सर, एवढ्यात तीक्ष्ण भाग मिळतो सुमारे ३ सेंटिमीटर. पक्षी बाजूने बसलेला असेल तर तेवढ्यात सगळा मावतो. समोर तोंड करून बसला तर डोळा धरा आणि शेपटी सोडून द्या.

संगणकावरच्या नॉइज काढण्याच्या सोयी गेल्या काही वर्षांत खरोखरच बदलल्या. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डिनॉइज आलं तेव्हा मी जुन्या टाकून दिलेल्या फाइली पुन्हा उघडल्या आणि त्यातल्या काही वाचल्याही. दोन गोष्टी सांभाळा. ही पायरी सगळ्यात आधी, रॉवर. क्रॉप, रंग, धार हे नंतर. आणि मात्रा कमी. जिथे मूळ फोटो हललेला किंवा फोकसच्या बाहेर असतो तिथे असलं सॉफ्टवेअर पिसं शोधत बसतं आणि न सापडल्यास स्वतःची बनवतं. छातीवर गांडूळं वळवळल्यासारखी नक्षी दिसली की समजा तेच झालंय. वाळू परवडली, खोटी पिसं नकोत. धार फक्त पक्ष्यावर द्या. मागच्या विरघळलेल्या हिरव्याला धार दिली की तिथली वाळू पुन्हा उठते. आणि पूर्ण मोठा करून पिक्सेलला नाक लावून बसायचं सोडा. २४ मेगापिक्सेलची फाइल पडद्यावर २,००० पिक्सेल रुंदीत बघितली की बराचसा नॉइज आपसूक मिटतो.

फ्लॅश? मी वापरत नाही. तंत्राने जमतो, पानांखाली मंद फ्लॅशने डोळ्यात ठिपकाही आणता येतो, पण त्या उजेडाचा सगळा मऊपणा जातो आणि पक्षी पुन्हा त्या फांदीवर येईल याचा भरवसा राहत नाही. घरट्यापाशी तर फ्लॅशही नको आणि 'जवळ या' हा माझा सल्लाही नको. शिंपी पानं शिवून घरटं करतो ते ऊन, पाऊस आणि कावळ्यांपासून लपण्यासाठी. उजेड हवा म्हणून त्यावरचं एक पान बाजूला केलं की पिल्लं उघडी पडतात. विणीच्या दिवसांत रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून नराला बाहेर काढणंही त्यातलंच; तो बिचारा प्रतिस्पर्धी शोधत खाणंपिणं सोडून फिरतो. पाण्यावर येणारा पक्षी घुटमळून परत जायला लागला, किंवा सतत धोक्याचा आवाज काढू लागला, तर तुम्ही फार जवळ बसला आहात. एक मीटर मागे.

राहिला शिंजीर, ज्याचा तुम्ही वेगळा उल्लेख केलात: नर नेहमी काळाकुट्ट येतो, कितीही उजळला तरी. त्यात आयएसओचा दोष नाही आणि लेन्सचाही. त्याची निळी-जांभळी झळाळी बरीचशी रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परतण्यातून येते, आणि ती ठरावीक कोनातच दिसते. चहूबाजूंनी सारखाच मंद उजेड आला तर परतायला दिशाच नसते आणि पक्षी कोळशासारखा दिसतो. त्याच्यासाठी आभाळाचा उघडा तुकडा नेमका तुमच्या पाठीमागे आणि थोडा वर हवा. पूर्ण मळभापेक्षा विरळ ढग बरे. मग तो फुलावर लटकून डोकं इकडेतिकडे करत असताना बघत राहा: दहा झटक्यांत एखाद्या वेळी गळा एकदम पेटल्यासारखा होतो आणि विझतो. मी १/२५० ठेवतो, बर्स्ट लावतो आणि गळा पेटायच्या आधीच बटण दाबायला लागतो, कारण पेटल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो.